मातीच्या मांडीतला दाणा

किनुए मोमोसे उत्खननावर कामाला लागली तेव्हा तिला एकसष्टावं लागलं होतं. कामिसावा गावाच्या वरच्या अंगाला, यात्सुगाताके डोंगराच्या उतारावर नवा रस्ता होणार होता. त्या भागात कुठंही कुदळ मारली की साडेचार हजार वर्षांपूर्वीची खापरं निघतात, म्हणून आधी जमीन तपासायची ठरली. माती खरवडायला गावातलीच माणसं घेतली.

तिचा नवरा त्सुनेओ बस चालवून नुकताच निवृत्त झाला होता. तो म्हणाला, "घरची भांडी घासायचा कंटाळा, आणि मेलेल्यांची भांडी दातांच्या ब्रशनं घासतेस!"

"मेलेले उलटून बोलत नाहीत," किनुए म्हणाली.

खरं कारण वेगळं होतं. शाळेत मास्तरांनी तिचं नाव 'पण का' ठेवलं होतं. पुढं संसार, सासू-सासरे, शेतातली कोबी नि सोयाबीन यांत विचारायला सवडच राहिली नाही. प्रश्न मात्र तसेच पडून होते.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी ती खड्ड्यात उकिडवी बसून बांबूच्या पट्टीनं माती काढत होती. पट्टीला काहीतरी गुळगुळीत लागलं. खापर असं गोलसर नसतं. तिनं फुंकर मारली, आणखी थोडी माती काढली, आणि हात आखडून घेतला.

"शिओझावासाहेब, इकडं या. कुणाचा तरी पार्श्वभाग आहे!"

शिओझावा म्हणजे उत्खननाचे प्रमुख, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. ते धावत आले, मागोमाग सगळा गाव. दुपारपर्यंत पालथी पडलेली मातीची बाई मोकळी झाली. वीतभर उंच, तिरपे बारीक डोळे, रुंद कंबर आणि पुढं आलेलं पोट. डावा पाय मांडीपासून तुटलेला.

तीनच्या चहाला सगळे ताडपत्रीवर बसले. मुरवलेल्या पालेभाजीचा डबा हातोहात फिरत होता. शेजारची तोमे म्हणाली, "दिवस भरत आलेत बघा हिचे. आठवा तरी असेल."

"साडेचार हजार वर्षं आठवाच?" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

किनुए हसली नाही. "साहेब, पाय कुणी तोडला?"

"अशा मूर्ती बहुतेक तुटलेल्याच सापडतात. काही जण म्हणतात मुद्दाम तोडत असत. माणसाचं दुखणं मूर्तीवर जावं म्हणून."

"पण मग पाय कुठाय?"

शिओझावांनी चहाचा घोट घेतला. "माहीत नाही."

बर्फ पडायला लागल्यावर काम गावच्या जुन्या शाळेत आलं. मूर्ती साफ करायचं काम शिओझावांनी किनुएलाच दिलं. तुटलेल्या मांडीच्या तोंडावरची माती ब्रशनं काढताना तिला मधोमध एक खळगा दिसला, करंगळीच्या नखाएवढा. कडा अगदी स्वच्छ.

"खडा असेल. पाय तुटताना निखळला," शिओझावा म्हणाले.

"खड्याला असा आकार नसतो. इथं दाणा होता साहेब, भाजताना जळून गेला. सोयाबीन."

"सोयाबीन गोल असतं, मोमोसेबाई. हे लांबट आहे."

घरी जाताना ती बांधावरची चिकणमाती पिशवीत भरून घेऊन गेली. दर हिवाळ्याला ती घरची मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली चटणी, घालायची. त्यासाठी दाणा न् दाणा निवडून आयुष्य गेलं होतं. कोरडा सोयाबीन गोल असतो हे साहेबांना माहीत होतं. भिजला की तो लांबट होतो, हे तिला माहीत होतं. तिनं मातीचे गोळे केले. एकात कोरडा दाणा दाबला, एकात तासभर भिजलेला, एकात रात्रभर भिजलेला. वाळवून ते लाकडं जाळायच्या शेगडीत सारले. पहिली खेप फटाफट फुटली.

त्सुनेओ वर्तमानपत्र टाकून उठला. "घर उडवतेस की काय?"

"ओल राहिली आत. तुम्ही जरा जाळ कमी ठेवा."

"मी?"

"बसून तर आहात."

त्यानं कुरकुरत जाळ सांभाळला. चौथ्या दिवशी तोच विचारू लागला, "अगं, उडीद दाबून पाहिलास? लाल घेवडा?"

आठवड्यानं तिनं शिओझावांच्या टेबलावर बावीस भाजलेले गोळे मांडले. त्यांनी भिंग काढलं. एकेक गोळा फोडून आतला खळगा मूर्तीतल्या खळग्याशी ताडून पाहिला. रात्रभर भिजलेल्या दाण्याचा खळगा हुबेहूब जुळला. मग दाताचं माप घ्यायला वापरतात तसलं रबर त्यांनी मूर्तीच्या खळग्यात ओतलं. ते घट्ट झाल्यावर अलगद बाहेर काढलं.

चिमट्यात एक दाणा होता, रबराचा. त्याच्या कडेला, दाणा शेंगेला चिकटलेला असतो तिथं, बारीक लांबट डोळा उमटला होता.

"मला खडा वाटला होता," शिओझावा म्हणाले. त्यांनी खुर्चीतून उठून तिच्यापुढं मान लववली. किनुए इतकी गोंधळली, की तिनंही दोनदा लववली.

"साहेब, हा चुकून मळला गेला, का कुणी मुद्दाम ठेवला?"

"एका दाण्यावरून सांगता येणार नाही."

"मांडीच्या बरोबर मधोमध आहे. चुकून पडलेला दाणा मधोमध कसा जाईल?"

"तुम्ही असं मानू शकता. मला लिहिता येणार नाही."

"मग मी मानते," ती म्हणाली.

अहवालात त्यांनी दाण्याबद्दल लिहिलं, आणि तो कुणी ओळखला तेही. पाय काही मिळाला नाही. रस्ता झाला, मूर्ती शहरातल्या संग्रहालयात गेली. किनुए मात्र थांबली नाही. दुसऱ्या गावांतून खापरांच्या पेट्या जुन्या शाळेत तिच्याकडं येऊ लागल्या. भिंग लावून ती खळगे शोधायची. पाच हिवाळ्यांत तिला चवळीसारखे दाणे सापडले, भुईला सरपटणाऱ्या वेलांच्या बिया सापडल्या, आणि एकदा भलतंच काही. रबराचा ठसा पाहून ती इतकी जोरात हसली, की तोमे पाण्याचं घमेलं सोडून धावत आली.

घरी गेल्या गेल्या तिनं त्सुनेओला हाक मारली. "अहो, ऐकलंत का? सोंडा किडा निघाला खापरात! सहा पाय, सोंड, सगळं शाबूत. त्यांच्याही साठ्याला कीड लागायची."

"मग काय करायचे ते?" त्सुनेओनं विचारलं.

किनुएनं कोट काढायचा तसाच ठेवला आणि किडे शोधायला तांदळाचा डबा उघडला.