साडेतीनशेची रेघ

ओलीटा स्टिडहॅमला टॉलिव्हर काउंटी या डोंगराळ जिल्ह्यात सगळे 'आकडेवाली ओलीटा' म्हणत. त्यात थोडी थट्टा होती, पण मानही होता. कोळशाच्या खाणीतल्या कामगाराची ही मुलगी विसाव्या वर्षी तिथल्या कम्युनिटी कॉलेजात टायपिस्ट म्हणून लागली, दिवसभर टाइप करून संध्याकाळी त्याच कॉलेजच्या वर्गात बसली, आणि पंचवीस वर्षांनी नियोजन अधिकारी झाली. कॉलेज म्हणजे ओढ्याकाठच्या दोन इमारती. पण आजूबाजूच्या चार खोऱ्यांत नर्स, वेल्डर, मास्तर व्हायचं तर दुसरी जागा नव्हती.

तिनं कॉलेजसाठी तीन पंचवार्षिक आराखडे लिहिले होते. तिन्ही राजधानीला गेले आणि तिथंच जिरले. राज्यातली सगळी कम्युनिटी कॉलेजं एकाच मंडळाखाली होती, आणि मंडळाचा प्रमुख दर चार-पाच वर्षांनी बदलायचा. नवा आला की जुना आराखडा कपाटात.

म्हणून राज्यभराच्या नियोजन समितीवर तिची नेमणूक झाली तेव्हा गार्नेट, तिचा नवरा, म्हणाला, "सांभाळून हं. हे लोक तुला खुर्ची देतायत ती तुझे गुडघे दुखतायत म्हणून नाही."

"तुला मेल्या सगळ्यातच काळंबेरं दिसतं," ती म्हणाली. पण खूश होती. पहिल्या बैठकीसाठी तिनं नवा निळा कोट घेतला.

समितीसमोर प्रश्न होता, कुठली कॉलेजं, म्हणजे मंडळाच्या भाषेत केंद्रं, चालू ठेवायची. पैसा आटला होता. यापूर्वी असे निर्णय कसे होत हे ओलीटानं पाहिलं होतं. शेजारच्या जिल्ह्यातलं भरलेलं केंद्र बंद झालं होतं आणि एका आमदाराच्या मेव्हण्याचं ओस पडलेलं केंद्र तगलं होतं. म्हणून ती उठून बोलली. तीस माणसांसमोर बोलायची सवय नव्हती.

"ओळखीपाळखीवर नको. एक रेघ आखा, सगळ्यांना एकच. साडेतीनशे पूर्णवेळ विद्यार्थी. सलग दोन वर्षं त्याच्या खाली गेलं तर त्या केंद्राचा आढावा घ्या. आणि हायस्कूलची पोरं एखाददुसऱ्या तासाला येतात, ती यात धरायची नाहीत. त्यांच्या जिवावर आकडे फुगवले जातात."

टाळ्या पडल्या. मंडळाच्या प्रमुखांनी स्वतः येऊन हात मिळवला. तिचे शब्द जवळपास जसेच्या तसे आराखड्यात गेले. त्या साली टॉलिव्हरला पाचशे बारा विद्यार्थी होते.

पुढच्या वसंतात मोठी खाण बंद झाली.

आधी तरुण गेले, मग त्यांच्यामागून बायकापोरं. रविवारी चर्चमध्ये बाकं रिकामी दिसू लागली, हायवेवर सामान लादलेले ट्रक. सप्टेंबरात आकडा आला तीनशे अडतीस. ओलीटानं वर्षभर जिवाचं रान केलं. संध्याकाळचे वर्ग वाढवले, खाणीतून सुटलेल्यांच्या घरी जाऊन अर्ज भरून घेतले, कॉलेजची बस लांबच्या खोऱ्यापर्यंत नेली. दुसऱ्या सप्टेंबरात आकडा आला तीनशे एकतीस.

कॉलेजचे प्रमुख डॉयल रॅटलिफ तिच्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं. दोघं बावीस वर्षं एकत्र काम करत होते.

"ओलीटा, हायस्कूलची चव्वेचाळीस पोरं आहेत आपल्याकडे."

"ती धरायची नाहीत, डॉयल."

"यादीत आहेत ना? वर्गात बसतात ना?"

"नियम आहे."

"नियम तूच लिहिलास ना बाई! मग तूच जरा वाकव. कोण येतंय इथं डोकी मोजायला?"

"मी आज वाकवला, तर उद्या त्या मेव्हण्याच्या केंद्राला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

"तुला मेव्हण्याची पडलीय!" डॉयलचा आवाज चढला. "इथं नर्सिंगला बावीस बाया शिकतायत, त्यांचं काय?"

ती म्हणाली, "आढावा म्हणजे बंद नव्हे. मी आढावा असंच लिहिलंय. माणसं येतील, खोरं बघतील, खाण बंद झालीय ते बघतील. ते समजून घेतील, डॉयल."

डॉयलनं दाराची मूठ धरली. "तू खरंच असं मानतेस," ते म्हणाले, आणि निघून गेले.

तिनं तीनशे एकतीस लिहिले आणि पाठवून दिले.

आढाव्याला कुणी आलं नाही. चाळीस मिनिटांची एक व्हिडिओ बैठक झाली. ओलीटानं साठ पानांचं टिपण केलं होतं. तिसऱ्या पानावर असताना पलीकडून एक तरुण अधिकारी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, हे सगळं महत्त्वाचं आहे, पण निकष स्पष्ट आहे. आणि खरं सांगायचं तर फार चांगला लिहिलाय." तो कुणी लिहिला हे त्याला माहीत नव्हतं. तिनंही सांगितलं नाही.

मे महिन्यात कॉलेज बंद झालं. नर्सिंगच्या बावीस जणींना नव्वद मैलांवरच्या केंद्रात जागा दिली होती. वळणावळणाचा डोंगरी रस्ता, जायला दोन तास, यायला दोन तास. रेनी स्लोन शेवटच्या वर्षाला होती. वय एक्केचाळीस. मुलगी व्यसनापायी परागंदा झालेली, तिची दोन लेकरं रेनीच्या पदरात. ती कागद न्यायला आली.

"जाशील ना गं?" ओलीटानं विचारलं. "फक्त दोन सत्रं उरलीत."

"पोरं शाळेतून तीनला येतात, बाई. मी पोचणार सहाला." रेनीचा आवाज चढला नाही, हेच ओलीटाला सोसेना. "लोक म्हणतात तुम्ही खरा आकडा दिलात म्हणून हे झालं. मी म्हटलं, छे, ओलीटाबाई तसं करणार नाहीत. त्यांना ठाऊक आहे आम्ही कोण आहोत ते."

रेनीनं कागद पिशवीत घातले आणि गेली. बावीसातल्या चौघी नव्या केंद्रात गेल्या. त्यातली एक पास झाली.

आठ महिन्यांनी मंडळाच्या प्रमुखांना दुसऱ्या राज्यात मोठी जागा मिळाली. नवे प्रमुख आले. त्यांनी पहिल्याच महिन्यात साडेतीनशेची अट रद्द केली. परिपत्रकात म्हटलं होतं की प्रत्येक केंद्राचं स्थानिक महत्त्व लक्षात घेतलं जाईल. पश्चिमेकडच्या एका केंद्रात दोनशे नव्वदच विद्यार्थी होते. त्या केंद्रानं आकडे पाठवायला इतका उशीर केला होता की त्याचा आढावा झालाच नाही. ते चालू राहिलं.

हे तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचलं. शेगडीवर घेवडा शिजत होता. गार्नेटनं तो कागद तिच्या हातातून घेतला, वाचला, आणि काही बोलला नाही. काहीतरी बोलायला हवं होतं त्यानं. 'मी म्हटलं नव्हतं?' एवढं म्हणाला असता तरी तिला भांडता आलं असतं.

"मी खोटं लिहायला हवं होतं का?" तिनं विचारलं.

"ते मला नको विचारूस, ओलीटा."

त्या ऑक्टोबरात चर्चचं वार्षिक जेवण होतं. तिनं मक्याचा पाव भाजला, मोठी परात भरून, आणि नेऊन टेबलावर ठेवला. लोक बोलले तिच्याशी. हवेबद्दल, तिच्या गुडघ्यांबद्दल. कुणी वाईट वागलं नाही. जेवायला बसायची वेळ आली तेव्हा प्रत्येक टेबलाशी जागा होती, आणि ती जवळ गेली की बोलणं थांबायचं, मग कुणीतरी घाईनं खुर्ची ओढून द्यायचं. ती एका टेबलाशी बसली, दोन घास खाल्ले. मग उठून गाडीत जाऊन बसली, आणि गार्नेट जेवण आटोपून बाहेर येईपर्यंत तिथंच बसून राहिली. पुढच्या रविवारी तो एकटाच चर्चला गेला.