एक सूत जास्त

सांगलीत एकही भिंत सरळ नाही, असं जोतीराम मिस्त्री तीस वर्षं सांगत आले. म्हणून कपाटाची दर्शनी चौकट ते भिंतीकडच्या बाजूला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्तच ठेवायचे. मग चौकट जागेवर धरून भिंतीच्या वाकानं पेन्सिल फिरवायची आणि रेषेपर्यंत रंधा मारायचा. "फटीत सिलिकॉन भरतो त्यो सुतार न्हवं, गवंडी!" असं ते तोंडावर सुनवायचे.

यंदा त्रिशलाबाईंच्या स्वयंपाकघरात त्यांनी तशीच रेष मारली. पण काचबिंदूनं नजर बरीच गेलेली, ती काही परत येणार नव्हती. रेष दिसलीच नाही. हात सवयीनं चालत राहिला. चौकट बसवली, तर फटीत कानावरची पेन्सिल सहज गेली.

"राहू द्या मिस्त्री, सिलिकॉन भरा. कुणाला दिसतंय?" त्रिशलाबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी सिलिकॉन भरलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "आवं मिस्त्री, रंधा इथंच विसरलाय की तुमी."

"इसरलो न्हाई," मिस्त्री म्हणाले.