दुसऱ्यांच्या कपाटांची ताई

आधी ताई कापड बघायची, मग माणूस. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात कुणीही बाई काउंटरपाशी आली की हिची दोन बोटं पुढे व्हायची. पदराची कड चिमटीत धरून हलकेच चोळायची, उलटी करून मागची बाजू बघायची आणि मग विचारायची, "नंबर लावलायत ना?" पेशंट बिचारी मोतीबिंदूची. तिला वाटायचं हीसुद्धा तपासणीच. एका आजींनी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं होतं, "बाहेरच्या मॅडमनी बघितलंय माझं. काही वाईट बोलल्या नाहीत."

मी त्याच दवाखान्यात चष्म्याच्या फ्रेमा विकते. आमची टेबलं समोरासमोर, त्यामुळे दिवसभर तिच्याकडे बघण्यावाचून इलाज नसायचा. बघण्यासारखं असायचंही. पगार दोघींचा सारखाच, म्हणजे चारचौघांत न सांगण्यासारखा. तरी सोमवारी हिच्या खांद्याला परदेशी चामड्याची पर्स, बुधवारी मनगटावर नाजूक सोनेरी घड्याळ, शनिवारी अशी रेशमी साडी की खुद्द डॉक्टरीणबाई वळून बघायच्या. मी मनातल्या मनात जळायचे. जळणारच की, मी काय संत लागून गेले?

शेवटी एकदा विचारलंच. "ताई, हे सगळं येतं कुठून?"

"कपाटातून."

"कुणाच्या?"

"लोकांच्या," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

तुम्ही रत्नागिरीत राहिला असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्याकडे निम्मी घरं कुलपात असतात. कुणी मुंबईला, कुणी मस्कतला, कुणी बोटीवर. येताना माणसं हौसेने वस्तू आणतात, कपाटात ठेवतात आणि निघून जातात. का ठेवतात, तर चांगल्याला. चांगल्याला म्हणजे कधी, ते कुणालाच ठाऊक नसतं. मग पाऊस लागतो. आमच्या पावसात बंद कपाटातलं चामडं हिरवं होतं, रेशमावर ठिपके पडतात, कोटाला कुबट वास सुटतो. एका मस्कतवाल्यांची पर्स अशीच गेली, तेव्हा ती बाई फोनवर रडली होती म्हणे. तिथून ताईचं हे काम सुरू झालं. घरवाले किल्ली देत. ही जाऊन खिडक्या उघडायची, कपाटं उघडायची, वस्तू पुसायची, पंख्याखाली ठेवायची. आणि नुसती हवा लावून भागत नाही असं तिचं ठाम मत होतं. वस्तू अंगावर चढली पाहिजे, चार माणसांत फिरून आली पाहिजे. "पडून राहिलं की गेलं," असं ती येताजाता म्हणायची.

मालकांची याला पूर्ण परवानगी होती, हे मुद्दाम सांगते, कारण गावात चार तोंडं चार गोष्टी बोलायची. राजिवड्याला एक चाची होत्या. दोन्ही मुलगे बोटीवर. मुलांनी आणलेली अत्तरं चाचींच्या शोकेसमध्ये ओळीने उभी. ताई गेली की त्या स्वतः बाटली पुढे करायच्या. "लाव गो लाव. मला आता कोण हुंगायला येतोय?" मग दुसऱ्या दिवशी आमच्या दवाखान्यात औषधाच्या वासाऐवजी ऊद दरवळायचा.

एका रविवारी तिने मला मांडवीच्या एका फ्लॅटवर कॉफीला बोलावलं. माणसं मुंबईला, गॅलरी थेट समुद्रावर. तिचं स्वतःचं घर त्याच मांडवीत, पण मागच्या गल्लीत. दोन खोल्या, त्यात भाऊ, भाची आणि ही. तिथून समुद्र ऐकू येतो, दिसत नाही. इथे तिने पातळ चिनीमातीचे कप धुतले, उंची कॉफी केली, मला वेताच्या खुर्चीत बसवलं. "बस गो. घडीभर श्रीमंत हो."

मला कसलं बसवतंय श्रीमंतीत. भिंतीवर मालकांचा फोटो, ते माझ्या कपाकडेच बघतायत असं वाटत होतं. ताई मात्र उभ्याउभ्या कॉफी पीत होती. एक घोट घ्यायची, आत जाऊन पडदा सारखा करायची, परत यायची, दुसरा घोट घ्यायची. मी म्हटलं, "तू तरी बस की."

"मला नाही बसवत," ती म्हणाली. "अजून चाचींकडे जायचंय."

हे तिचं कायमचंच. अंगावर कितीही भारी काही असो, ते वेळेत परत पोचवायची घाई तिच्या पायांत असायची. साडी नेसली की डाग पडेल याची चिंता, सोडली की घडी नीट पडेल याची चिंता. मला तिचं हे सुख बघून कधीकधी दमायला व्हायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "स्वतःचं एक तरी घे ना बाई. असेना का साधं."

"स्वतःचं घेतलं की जपत बसावं लागतं," म्हणाली. लोकांचं काय ती जपत नव्हती? पण ताईशी वाद घालणं म्हणजे समुद्राला लाटा कमी कर म्हणण्यापैकी होतं.

एका गोष्टीत मात्र ती अगदी गप्प होऊन ऐकायची, ती म्हणजे भाचीची गोष्ट. वहिनी गेली तेव्हा पोर दुपट्यात होती. भाऊ एसटीत मेकॅनिक, पाळी कधी रात्रीची कधी दिवसाची. पोर वाढवली ती हिने. स्वतःसाठी आलेली स्थळं ताईनेच परतवली, का ते कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. आता त्या पोरीला जयगडचं स्थळ आलं होतं. मुलगा बंदरात नोकरीला, माणसं बरी. पोरीपेक्षा ताईचाच जीव जास्त टांगणीला.

बघायला यायच्या दिवशी मीही मदतीला होते, पोह्यांवर खोबरं घालायला. ताई मस्कतवाल्यांच्या कपाटातली वांगी रंगाची जड रेशमी साडी नेसली होती. दिसत होती अशी की मुलाकडची माणसं आधी तिलाच नमस्कार करून बसली. भाऊ खूश. बोलणी छान चालली होती. मुलाची आई पाण्याचा पेला घेता घेता थांबली आणि ताईच्या पदराकडे बघत राहिली.

"हे गोंडे मी बांधलेत," ती म्हणाली.

कुणालाच काही कळेना.

"ही साडी माझ्या नणंदेची. मस्कतला असते ती. वास्तुशांतीला मीच दिली होती."

रत्नागिरीत हे असंच होतं. परकं म्हणून कुणाशी बोलायला जावं तर चौथ्या वाक्याला नातं निघतं. ताईला हे सुचू नये याचं मला आजही नवल वाटतं. पण भाचीच्या आनंदात तिने पाहुण्यांची सोयरीक विचारलीच नव्हती.

ती सरळ उभी राहिली. "हो, त्यांचीच आहे. त्यांच्या कपाटाला मी हवा लावते. विचारून नेसलेय, तुम्ही त्यांना फोन करा हवं तर." आवाज जराही हलला नाही. तिच्या हातातला ट्रे मी जाऊन घेतला.

पाहुणे चहा पिऊन "कळवतो" म्हणून गेले. कळवतो म्हणजे काय, ते मुलीकडच्यांना बरोबर समजतं. दार लागल्यावर भाऊ एवढंच म्हणाला, "परक्याचं नेसून मिरवलंस. आता भोग."

पुढचे दिवस फार वाईट गेले. ताईने सगळ्या किल्ल्या परत केल्या. चाची शोकेसची किल्ली परत घेईनात, तर ती शोकेसवरच ठेवून आली. दवाखान्यात ती पुसलेलं काउंटर पुन्हा पुसायची, फोन वाजला की दचकायची, पेशंटची नावं चुकवायची. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बंद करायची. मला म्हणाली, "पोरीचं वाटोळं केलं मी. माझ्या हौसेपायी." मी म्हटलं, तू काही चोरी केली नाहीस. ती म्हणाली, "चोरी केली असती तर निदान शिक्षा मला झाली असती."

मग एका सकाळी मुलाची आई दवाखान्यात आली. मला वाटलं, झालं, आता चारचौघांत अपमान करणार. मी फ्रेमांचा खण जोरात लोटून उठलेच. पण ती ताईसमोर जाऊन म्हणाली, "नणंदेला फोन केला. ती म्हणाली, साडी इतकी वर्षं माझ्याकडे आहे, पण नेसल्यावर कशी दिसते ते मी अजून बघितलं नाही. फोटो असेल तर पाठव म्हणाली." मग म्हणाली, "मुलगी आम्हाला पसंत आहे. भावाला सांगा."

ताई काउंटरवर डोकं टेकून रडली. पेशंटना वाटलं, हिच्याच डोळ्यांत औषध घातलंय.

लग्न ठरलं, पण भावाच्या मनातला काटा काही निघाला नाही. लग्नाला ताई तिच्या स्वतःच्या साडीत आली. पिवळट, सुती, धुऊन धुऊन मऊ पडलेली. अत्तर नाही, पर्स नाही. मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. कार्यालयात शिरताच भावाने तिला बाजूच्या खोलीत नेलं. तिथे दागिने, आहेराच्या बॅगा. म्हणाला, "तू इथे बस. लक्ष ठेव. नाहीतरी मुलीच्या आईने मंगलाष्टकं ऐकायची नसतात, आणि तू आईच्याच ठिकाणी."

बघा, रीत कशी कामाला येते. एरवी आईचा मान द्यायला कुणाला आठवत नाही. मी भांडायलाच निघाले होते. ताईने माझा हात धरला. "असू दे गो. बरोबर आहे त्याचं. पुन्हा कुणाला काही दिसायला नको." आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसली, हात मांडीवर घेऊन.

बाहेर भटजींनी मुलीला बोलावलं. मुंडावळ्या बांधलेली भाची मामाबरोबर निघाली आणि आमच्या खोलीच्या दारात थांबली.

"आत्या कुठाय?"

"आहे आत," भाऊ म्हणाला. "चल, मुहूर्त जाईल. आईने ऐकायची नसतात, माहितेय ना."

"ते आईसाठी आहे बाबा," पोर म्हणाली. "मला आई नाहीय. ही आत्या आहे. आत्याला कुठे बंदी आहे?"

भाऊ पुटपुटला, "बॅगांपाशी कोण बसणार?"

"मी," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असावं, कारण करवल्या वळून बघायला लागल्या.

ताई आपल्या साडीकडे बघत होती. "या साडीत?" भाचीने तिचं मनगट धरलं आणि उठवलं. दार लागलं.

मी त्या खोलीत एकटी. मंगलाष्टकं भिंतीपलीकडून ऐकली. मूठभर अक्षता हातात होत्या, त्या प्रत्येक 'सावधान'ला थोड्या थोड्या बॅगांवर टाकल्या. टाळ्या झाल्या, बँड वाजला. मला वाटलं, आता ही धावत येईल, उठ गो, जा जेवून ये म्हणेल. गेलीच कुठे तर परतायची घाई आधी, अशी ती बाई.

पहिली पंगत उठली. दुसरी बसली. कुणीतरी मला जिलबी आणून दिली. दाराबाहेर फोटोवाला ओरडत होता, "आत्या, जरा नवरीच्या जवळ या, अजून जवळ." दुसरी पंगतही उठली. ताई काही आली नाही.