न सांगता ऐकणारा कुत्रा

गल्लीत तिला गप्पाबाई म्हणत. बाई दिवसदिवस तोंड उघडत नसे म्हणून हे नाव. लोकांना तेवढीच गंमत. पूर्वी ती वीज कंपनीच्या तक्रारींच्या खिडकीवर बसायची. अर्धं आयुष्य "बघते, सांगते, उद्या या" करण्यात गेलं आणि एके दिवशी तिला बोलण्याचाच वीट आला. नोकरी सोडून ती लोकांची हाताबाहेर गेलेली कुत्री माणसाळवायला लागली. वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या तिच्या नवऱ्याला आधी वाटलं, हिचं डोकं फिरलं. मग पाहून पाहून तोही सरावला. "माझ्यावरही हाच प्रयोग चाललाय का गं?" असं तो कधीमधी विचारायचा. ती उत्तर देत नसे, आणि तो मुकाट्याने उठून भांडी घासायला घ्यायचा.

तिची रीतच वेगळी होती. कुत्र्याला "बस" म्हणायचं नाही, "ये" म्हणायचं नाही, बिस्किट दाखवायचं नाही, साखळीला हिसका द्यायचा नाही. पहिल्या दिवशी ती कुत्र्याकडे पाठ करून जमिनीवर बसायची आणि मटार सोलायची. घरची माणसं चुळबुळायची. बाईला बोलावलं कशाला आणि ही करतेय काय! कुत्रा आधी भुंके, मग कंटाळे, मग येऊन तिची पाठ हुंगे. तो आपणहून तिला टेकून बसला की त्या दिवसाचं काम संपलं. सोललेले मटार ती आपल्या घरी घेऊन जाई.

मग फिरणं. कुत्र्याने ओढलं की ती नुसती थांबायची. वळायचं असलं की तिचा खांदा वळे, त्याच्या आधी श्वास बदले, आणि त्याच्याही आधी मनात येई. कुत्रा आधी खांदा वाचायला शिकायचा, मग श्वास. काही मोजकी कुत्री त्याच्याही मागे पोहोचायची. कुत्र्याला नावसुद्धा ठेवू नका, असा तिचा हट्ट असे. नाव ठेवलं की माणूस हाक मारतो, आणि हाक म्हणजे हुकूमच. हुकमाने वागणारा कुत्रा तिच्या लेखी कुत्रा नव्हता, शिपाई होता.

असा एक कुत्रा चष्मेवाल्याचा. चष्मेवाला चाळिशी उलटलेला, बिनलग्नाचा, दुसऱ्या मजल्यावर एकटा राहणारा. खाली रस्त्याला लागूनच त्याचं चष्म्यांचं दुकान. दिवसभर लोकांना "आता दिसतंय? आणि आता?" विचारून थकलेला हा माणूस तिला पहिल्या भेटीतच आवडला. कुत्रा मोठा, राखाडी, कुणीतरी टाकून दिलेला. आला तेव्हा कुणी हात उचलला तरी पलंगाखाली शिरायचा.

शिष्य मात्र चांगला निघाला. कुत्रा नव्हे, चष्मेवाला. रोज संध्याकाळी फोन बंद करून तो कुत्र्याशेजारी जमिनीवर बसायचा. काही महिन्यांत त्या दोघांचं असं जमलं की पाहणारा चाट पडावा. चष्मेवाल्याच्या मनात फिरायला जायचं आलं की कुत्रा दाराशी. थकवा आला की डोकं मांडीवर. दुकानात एक गिऱ्हाईक यायचं, तासभर फ्रेमी चाळायचं आणि काही न घेता जायचं. एके दिवशी ते गिऱ्हाईक दारात दिसताच कुत्रा उठला आणि उंबऱ्यावर आडवा होऊन पडला. भुंकला नाही, गुरगुरला नाही. नुसता पडून राहिला. गिऱ्हाईक थोडा वेळ घुटमळलं आणि निघून गेलं.

"मी एक अक्षर बोललो नाही हो!" चष्मेवाला हसत हसत सांगत होता. "तोंडावर तर हसूच होतं माझ्या. पण त्याला कळलं!"

गप्पाबाईलाही हसू आलं. इतक्या मागे पोहोचलेला कुत्रा तिने तोवर पाहिला नव्हता. "छान," ती म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द क्वचितच निघे, आणि त्या दिवशी तो निघायला नको होता.

पुढे चष्मेवाल्याची आई पडली, खुबा मोडला. बरी झाली, पण एकटीने राहण्यासारखी राहिली नाही. लेकाने तिला आपल्याकडे आणलं. मागची खोली रंगवून घेतली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, खिडकीला पडदे लावले. अख्खी इमारत म्हणाली, मुलगा असावा तर असा.

महिन्याभराने त्याचा गप्पाबाईला फोन आला. "बाई, जरा येऊन जाता? हा आईशी विचित्र वागतोय."

ती गेली ती संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर. बाहेरच्या खोलीत चष्मेवाला कोचावर बसला होता. मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर कुत्रा आडवा पडला होता, आणि आत पलंगाच्या कडेवर म्हातारी काठी धरून बसली होती. घरात पंख्याचा तेवढा आवाज होता.

"चावतो?" गप्पाबाईने विचारलं.

"छे! चावत नाही, दात दाखवत नाही," म्हातारी आतूनच म्हणाली. "दिवसा हे दोघं दुकानात असतात तेव्हा मी घरभर हिंडते. संध्याकाळी हे वर आले, की हा येऊन असा पडतो. मी उठले की उठतो. अंगाने हळूच रेटत रेटत मला पलंगापाशी आणून सोडतो."

"आणि परवाचं सांग ना," चष्मेवाला म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला होता.

परवा काय झालं, तर कुत्र्याने म्हातारीला आत ढकललं नाही, बाहेर नेलं. आधी बाहेरच्या दारापर्यंत, मग जिन्यावर. एक पायरी उतरली की थांबायचा, तिचा तोल सावरेपर्यंत अंगाचा आधार द्यायचा, मग पुढची पायरी. चष्मेवाला तेव्हा न्हाणीघरात होता. बाहेर येऊन पाहतो तर आई फाटकाबाहेरच्या बाकावर, आणि कुत्रा एकटाच जिना चढून वर येतोय, शेपटी हलवत.

"खरं सांगू?" म्हातारी म्हणाली. "इतकं सांभाळून मला आजवर कुणी जिना उतरवलं नव्हतं."

गप्पाबाई नेहमीसारखी जमिनीवर बसली. मटार आणले नव्हते, म्हणून हात रिकामेच. बराच वेळ ती कुत्र्याकडे पाहत होती, आणि मग तिला दिसलं ते असं, की कुत्र्याचं म्हातारीकडे लक्षच नाहीये. तो पाहतोय चष्मेवाल्याकडे. न हलता, कान टवकारून, एखादं काम नीट झालं की नाही हे मालकाच्या तोंडावरून ताडावं तसा.

"तुम्हाला त्या इथे हव्या आहेत का?" तिने विचारलं.

"हा काय प्रश्न झाला, बाई?" चष्मेवाला उसळला. "माझी आई आहे ती! तिला मी काय कमी केलंय, सांगा ना. औषधं वेळेवर, खोली रंगवली, रात्री दोनदा उठून पाहतो..."

तो बोलत होता आणि कुत्रा सावकाश उठत होता. वाक्य संपेपर्यंत तो आत जाऊन म्हातारीच्या गुडघ्याला डोकं लावून उभा राहिला होता. तिला दाराच्या दिशेने वळवायला सुरुवातही झाली होती.

"सांगा ना त्याला थांबायला!" चष्मेवाला ओरडला.

काय सांगणार? "थांब" त्याला येतच नव्हतं. "नको" येत नव्हतं. "सोड" येत नव्हतं. कुठलाही शब्द त्याच्या कानाला लागणार नाही, याची काळजी गप्पाबाईनेच तर घेतली होती. तिने घाईने उठून म्हातारीला धरलं आणि पलंगावर बसवलं. कुत्रा निमूट बाजूला झाला. तिच्यावरही त्याचा विश्वास होता. भीती वाटावी असा विश्वास होता तो.

"एकच उपाय आहे," ती चष्मेवाल्याला म्हणाली. "डोळे मिटा. काकूंनी इथे येऊन तुमच्याजवळ बसावं, असं मनापासून वाटू द्या. त्याला कळेल."

चष्मेवाल्याने डोळे मिटले. बिचाऱ्याने खरंच जीव तोडून प्रयत्न केला. कपाळावर घाम आला, ओठ हलले. कुत्रा त्याच्याकडे टक लावून पाहत राहिला. मग तो शेपटी हलवत आत गेला. म्हातारीच्या तोंडावर आशा उमटली, गप्पाबाईच्याही. कुत्र्याने पलंगाखालची एक चप्पल अलगद तोंडात धरली, बाहेरच्या दाराशी नेऊन ठेवली, आणि दुसरी आणायला परत वळला.

डोळे उघडल्यावर चष्मेवाल्याला दाराशी दोन्ही चपला दिसल्या, शेजारी शेजारी, नीट लावलेल्या. तो हुंदके देऊन रडायला लागला. "मी असा नाही हो, बाई. मी असा नाही." कुत्रा धावत जाऊन त्याचे हात चाटू लागला.

म्हातारीने चपला घातल्या. "मला जरा खाली न्या," ती गप्पाबाईला म्हणाली.

दोघी फाटकाबाहेरच्या बाकावर बसल्या. रस्त्यावर दिवे लागत होते. तक्रारींच्या खिडकीवर बसून माणसांना खोटं सांगण्याचा कंटाळा आला, म्हणून गप्पाबाई खऱ्याच्या मागे लागली होती. आणि ते खरं तिने या घरात आणून सोडलं होतं. तिला स्वतःचा संताप आला.

"काकू, दुसरं कुणी आहे का तुमचं?"

"कुणी नाही. माझं घरही आता राहिलं नाही. इथून गेले तर कुठल्या तरी संस्थेत जाईन, आणि तिथे महिनाभरसुद्धा टिकणार नाही मी." म्हातारी शांतपणे बोलत होती. "कुत्र्याला दुसरीकडे द्या म्हणाल, तर तेही नको. या जगात त्या पोराचं एवढं एकच मैतर आहे. ते गेलं तर मग तो मला खरंच माफ करणार नाही."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "कुत्र्याला खोटं वागायला शिकवता येतं का हो?"

गप्पाबाई म्हणाली, "येतं. सगळे तेच शिकवतात. बिस्किट दाखवायचं आणि हुकूम सोडायचा. मनात काहीही असो, कुत्रा तसं वागतो."

"मग शिकवा की."

"मी आयुष्यात कधी ते केलं नाही, काकू."

"अहो, त्यात काय एवढं? आम्ही पोरांना दुसरं काय शिकवलं? पाहुणे आले की नमस्कार कर, हस, मग खाऊ देते. माझा पोरगाही तसाच शिकला." तिने वर, आपल्या लेकाच्या खिडकीकडे पाहिलं. "त्याच्या मनात काय आहे ते मी इथे आले त्या दिवशीच ओळखलंय. मला त्याचं काही नाही. मी तोंडावरच्या हसण्यात दिवस काढीन. ते तेवढं मला असू द्या."

दुसऱ्या दिवशी गप्पाबाई बिस्किटांचा पुडा घेऊन आली. पहिल्यांदा तिने "बाजूला" म्हटलं. कुत्र्याने चमकून तिच्याकडे पाहिलं, तिचं तोंड हुंगलं. हा आवाज कुठून आला ते त्याला कळेना. पण बिस्किट ते बिस्किट. आठवडाभरात तो शिकला. "बाजूला" म्हटलं की बाजूला व्हायचा, "बस" म्हटलं की बसायचा. मात्र गप्पाबाईला टेकून बसणं त्याने सोडलं. घास घ्यायचा आणि दूर जाऊन उभा राहायचा.

शेवटच्या दिवशी म्हातारी उंबऱ्यापाशी आली. "बाजूला," ती म्हणाली, आणि कुत्रा सरकला. काठी टेकत ती बाहेरच्या खोलीत आली. संध्याकाळच्या वेळी, लेक घरात असताना, बसायला म्हणून पहिल्यांदाच.

"बघा बाई, सुधारला!" चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावरून ओझं उतरलं होतं. घाईघाईने त्याने कोचावरची उशी सारखी केली. "ये आई, बस ना इथे माझ्याजवळ. बरं वाटतं गं तू आलीस की."

कुत्र्याने बिस्किट चावता चावता मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग बाहेरच्या दाराकडे. पाठीवरचे केस हळूहळू ताठ झाले, पण जागेवरून तो हलला नाही.

"शाबास," म्हातारी म्हणाली. कुत्र्याकडे तिचं लक्षही नव्हतं. लेकाच्या डोक्यावरून हात फिरवत ती त्याच्या शेजारी बसली, आणि गप्पाबाईने आपल्या चपला पायात सरकवल्या.