यमुनाकाकूचा कोहळा आणि माझे बोट

कोहळ्याचे, म्हणजे तुमच्याकडच्या लाल भोपळ्याचे, फूल पाहायचे असेल तर सूर्याच्या आधी उठावे लागते. पाने दवाने जड असतात, राइस मिलचा भोंगा अजून व्हायचा असतो, आणि त्या खरबरीत हिरव्या पसाऱ्यात तळहाताएवढी पिवळी फुले निःशब्दपणे उघडत जातात. त्यांचा गंध गोड नाही, उग्रही नाही. ओल्या पिठासारखा, घरगुती. नऊ वाजेपर्यंत सारा सोहळा आटोपून ती मिटतात, आणि उशिरा उठणाऱ्याला वाटते की या वेलाला फुले येतच नाहीत. म्हणून परसबागेविषयी माझा पहिला सल्ला खतापाण्याचा नाही. लवकर उठा. दुसरा सल्ला असा, की माझ्यासारखीला बागेत पाऊल ठेवू देऊ नका.

हा विनय नव्हे, अनुभव आहे. माझे बाबा तुमसरात हातमागावर बसत आणि उरलेल्या वेळात पत्रके वाटत. हुंड्यावर, दारूवर, मजुरीवर, अंधश्रद्धेवर. पातळ गुलाबी कागदाची चार पाने, ‘बंधू-भगिनींनो’ने सुरू होणारी आणि ‘उठा’ने संपणारी. इतर मुले चिऊकाऊच्या गोष्टी ऐकत होती तेव्हा मी ‘शोषण’ या शब्दावर अक्षरे जुळवत होते. अशा मुलीच्या हाती कॉलेज संपताच घरामागची सांदवाडी, म्हणजे आमच्याकडची परसबाग, दिली तर ती वांगी लावील की चळवळ? मी दोन्ही लावले. वांग्यांपेक्षा चळवळ जोमाने वाढली.

वांग्याला फूल येण्याआधी ‘परसबागेचा जाहीरनामा’ तयार झाला. त्यातली पहिली दोन कलमे, एक खताचे आणि एक राख-पाण्याचे, मी आजही शपथेवर सांगेन. शेणखत मुरलेलेच घालावे. ताजे शेण कोवळी मुळे जाळते. मिलमधून धानाच्या तुसाची राख आणावी आणि पानांवर दव असतानाच भुरभुरावी, म्हणजे ती चिकटून बसते आणि मावा दूर राहतो. पाणी मुळाला द्यावे, पानाला नव्हे. एवढ्यावर थांबले असते तर आज हा निबंध लिहावा लागला नसता. पण नुसत्या खतापाण्यावर थांबेल ते पत्रक कसले? तिसऱ्या कलमात मी जाहीर केले की कोवळ्या फळाकडे बोट दाखवल्याने ते सडते, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. आणि चौथ्या कलमात, कोहळ्याच्या वेलावर जी लांब देठाची फुले येतात आणि ज्यांना कधीच फळ धरत नाही, त्यांना मी ऐतखाऊ ठरवले. श्रम न करता वेलाचा रस पिणाऱ्या या वर्गाला खुडून त्याची भजी करावीत, असा आदेशही दिला.

गल्लीत कोहळ्याचा वेल एकच होता, तो कुंपणापलीकडच्या यमुनाकाकूचा. त्या वेलावर तिचा जीव होता, आणि त्याला कारण होते. तिची लेक कुसुम गोंदियाला दिलेली. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा अंतर एका पावलानेही वाढले नव्हते, गाडीही तीच होती. पण आपली लेक एका सहीने परजिल्ह्यात नेली, हे काकूने सरकारला कधी माफ केले नाही. कुसुम दिवाळीला यायची ती कोहळ्याच्या बोंडांच्या ओढीने: पिकलेला कोहळा किसून, गूळ-कणकेत कालवून तळलेले ते गोड गोळे! बाजारचा कोहळा चालत नसे, आईच्या वेलाचाच हवा. सासरच्या आजारपणामुळे दोन दिवाळ्या ती आलीच नव्हती. यंदा यायचे ठरले होते.

चौथे कलम काकूने विनातक्रार मान्य केले, कारण भजी फार चविष्ट झाली. पंधरा दिवस रोज सकाळी आम्ही दोघी मिळून ऐतखाऊ तळत होतो. तिसऱ्या कलमाला मात्र ती बधेना. वेलावर सात चिमणे कोहळे दिसू लागले होते, आणि ते दाखवताना ती बोट मुडपून, नुसत्या पेराने दाखवायची. माझ्यातल्या बाबांच्या लेकीला हे कसे सहन व्हावे? श्रावणातल्या एका रविवारी मी गल्लीतल्या पाचसहा बायांना साक्षीला बोलावले आणि तर्जनी ताठ करून सातही फळांकडे एकेक करत बोट दाखवले. प्रत्येकापाशी थांबून ‘हे सडणार नाही’ असेही म्हटले; चळवळीत स्पष्टता हवी. काकूने डोळे मिटून घेतले होते.

आठवड्याभरात सातही पिवळे पडले, देठाशी मऊ झाले आणि गळाले. क्रमानेसुद्धा गळाले हो, मी बोट दाखवले त्याच क्रमाने! निसर्गाला माझीच एवढी चेष्टा करण्याचे काय अडले होते?

मग गल्लीने मला जपायला सुरुवात केली. मी दिसले की कोणी दुधीवर टॉवेल टाकी, कोणी कारल्याच्या मांडवापुढे सहज म्हणून उभे राही. कोपऱ्यावरचे एक गृहस्थ, ज्यांचे सख्ख्या भावाशी कुंपणावरून वाकडे होते, त्यांनी मला बाजूला बोलावून अतिशय आदराने विचारले, “बाई, आमच्या भावाच्या दोडक्याले एकडाव बोट दाखवून द्याल का?” आयुष्यात माझ्या शक्तीवर इतका विश्वास कोणी ठेवला नव्हता, आणि तो नेमका असा.

काकू मात्र भांडली नाही. भांडली असती तर बरे झाले असते. भांडणासाठी माझ्याकडे पुष्कळ पत्रके होती. ती रिकाम्या वेलाकडे पाहत एवढेच म्हणाली, “तुया बोटाले मी काही म्हणत नाही, पोरी. पण कुसुमले काय सांगू? बोंडं कायचे तळू?”

याचे उत्तर एकाही गुलाबी कागदावर नव्हते. मी बस धरून जवाहरनगर गाठले. तिथे माझा मामा फॅक्टरीत कामाला. क्वार्टरमागच्या त्याच्या वाफ्यांना शेजारी मानतात. त्याने माझी सारी कैफियत ऐकून घेतली आणि एकच विचारले: लांब देठाच्या फुलांचे काय केले? मी सांगितले, भजी. मामा इतका हसला की मामीने धावत पाणी आणले. “नवरदेव तळून खाल्ले तुम्ही,” तो म्हणाला, “अन् पाळण्याची वाट पाहून राहिल्या.”

मग त्याने जे शिकवले ते तुम्हीही ध्यानात ठेवा. लांब, सडपातळ देठाचे ते नर फूल. पाकळ्यांखाली इवलासा कोहळा घेऊनच जे जन्मते ते मादी फूल. तो इवला कोहळा म्हणजे फळ नव्हे, फळाची आशा. नराचा पराग पोचला नाही तर ती आठवड्यात पिवळी पडून गळते, मग कोणी बोट दाखवो वा न दाखवो. मधमाश्या हे काम करतात. पण पावसाची झड लागली, किंवा गल्लीत एखादी पत्रकवाली असली, तर ते माणसाला करावे लागते.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून तर्जनीकडे पाहत होते. ती निर्दोष होती. दोषी तिची मालकीण होती. बोटाला सोडवायचे तर चौथ्या कलमाचा बळी द्यावा लागणार होता, आणि तो गल्लीसमोर. गप्प राहिले असते तर कोणाला कळले असते? पण मग उरलेल्या जन्मात कुठल्या तोंडाने ‘उठा’ लिहिणार होते? दुसऱ्या दिवशी मी त्याच बायांना बोलावून सारे सांगितले. काकूने शांतपणे निकाल दिला: “म्हंजे बोट चांगलं होतं. डोकं खराब होतं.”

भाद्रपदात एके पहाटे दोन मादी फुले उमलली, आणि दैवयोगाने नराचेही एक. रीत अशी की नर फूल तोडायचे, पाकळ्या काढायच्या आणि मधला दांडा मादीच्या मध्यभागी हलकेच फिरवायचा. पण उरलेला एकुलता एक नवरदेव तुटू द्यायला काकू तयार होईना. शेवटी मी पराग तर्जनीवरच घेतला. आम्ही दोघी वेलावर वाकलेल्या, आणि बोटावर हळदीसारखी पिवळी धूळ. आठवड्याने दोन्ही कोहळे गळण्याऐवजी फुगले. आम्ही त्यांच्याखाली तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, गादी घातली, म्हणजे ओल्या मातीने बूड कुजत नाही.

अंधश्रद्धा हरली म्हणता? छे! पंधरा दिवसांत गल्लीचे मत पूर्ण फिरले: पोरीच्या बोटाला गुण आहे. बाया मला दोडक्याला, दुधीला, एक तर गाभण शेळीलाही बोट लावायला बोलावू लागल्या. मी पराग समजावून सांगे. त्या मन लावून ऐकत आणि म्हणत, समजलं बाई, पण बोट तूच लाव.

दिवाळीला कुसुम आली. बोंडे झाली, पहिल्या घाण्यातली तिने उभ्यानेच खाल्ली, आणि काकू पाठ करून उगाच कढई हलवत राहिली. निघायच्या दिवशी कुसुमने बिया मागितल्या, पद्धतही मागितली. मी जुन्या पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर चार ओळी लिहून दिल्या. बंधू-भगिनींना त्यात घेतले नाही. तिने त्या दोनदा वाचल्या आणि विचारले, “अन् मादी उमलली त्या दिवशी नराचं एकही फूल नसलं तं?”

बाबांनी आणि मी मिळून वाटलेल्या कागदांना आजवर कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. लोक ते घेत, मान डोलावत, घडी घालत. उत्तरे आमच्याकडे नेहमी तयार असत, कदाचित म्हणूनच. ठसक्यात काहीतरी सांगून द्यावे असे क्षणभर जिभेवर आले. मग मी म्हणाले, “मले माहीत नाही.”

कुसुमला त्याचे काहीच वाटले नाही. “मंग मी भादव्यात पाहतो,” ती म्हणाली, “अन् तुले लिहून पाठवतो.”

“लिहून कायले?” काकू दारातून म्हणाली. “येऊनच सांग.”

मी कुसुमची पिशवी उचलली आणि तुमसर रोड स्टेशनच्या ऑटोपर्यंत तिच्याबरोबर चालत गेले. वाटेत तिने आणखी तीन प्रश्न विचारले. त्यांपैकी एकाचेच उत्तर मला येत होते.