बाहेर जेवणाऱ्या लेलेबाई

लेलेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका वेटरशी भांडताना. भांडण म्हणजे आवाज चढवून नव्हे. लेलेबाईंचा आवाज कधी चढत नसे, समोरच्याचा चेहरा तेवढा उतरत असे. कॅम्पातलं इराण्याचं हॉटेल, ऑफिसच्या जेवणाची सुट्टी. मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि डबा घरी विसरल्यामुळे जन्मात पहिल्यांदा एकटी हॉटेलात शिरले होते. त्या वेळी अशा हॉटेलांत बायकांसाठी मागच्या बाजूला पडदे लावलेल्या खोल्या असत. 'फॅमिली रूम' म्हणायचे त्यांना. वेटर मला मुकाट्याने तिकडे घेऊन चालला होता, तेवढ्यात खिडकीजवळच्या टेबलावरून एक बाई म्हणाल्या, "तिला कुठे नेताय?"

"फॅमिली आत बसते, बाई."

"तिच्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग फॅमिली कुठली? बसू दे इथे. माझ्यासमोरची खुर्ची रिकामीच असते."

मी बसले. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं. मी हडपसर म्हणाले. तेव्हापासून त्यांनी मला कायम 'हडपसर' अशीच हाक मारली. थोड्या वेळाने कळलं की आमचं ऑफिस एकच, त्या वरच्या मजल्यावर आणि मी खाली. किडकिडीत अंगाच्या, कडक इस्त्रीचं सुती पातळ नेसणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या लेलेबाई रोज बाहेरच जेवत होत्या. रोज म्हणजे खरोखरच रोज. ऑम्लेट-पाव मागवून त्या म्हणाल्या, "ब्राह्मणाची असून अंडं खाते म्हणून बघू नकोस. कोंबडीची हरकत नाही, तर तुझी का असावी?"

आमच्या घरी बाहेर जेवणं म्हणजे एक तर आजारपण, नाही तर कोर्टाची तारीख. त्यामुळे दोन्ही वेळा हॉटेलात जेवणारी बाई हे मला मोठं आक्रीत वाटलं. पण त्यांच्यामागे हिंडता हिंडता मला अख्खा कॅम्प आणि आजूबाजूच्या पेठा पोटातून कळल्या. रास्ता पेठेत एका मद्रासी बाईंच्या खाणावळीत दुपारचा रसम-भात. क्वार्टर गेटपाशी पुरी-भाजी, पण ती सकाळी, कारण संध्याकाळी तेल तेच असतं. रविवारी संध्याकाळी खाणावळी बंद, म्हणून ती वेळ इराण्याची. दिवाळीत तर सगळंच बंद, तेव्हा भवानी पेठेतले एक वयस्क मुसलमान हॉटेलवाले त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात डाळ-भात टाकत. भाऊबीजेला लेलेबाई तिथे जेवायच्या. याचं मला तेव्हा फक्त नवल वाटलं होतं.

त्यांचे नियम ठरलेले होते. "मेनूकार्ड वाचू नये, शेजाऱ्याचं ताट बघावं. गल्ल्यावरचा मालक घरचा डबा उघडताना दिसला, तर पाणी पिऊन उठावं. आणि जेवायला गर्दीच्या वेळी यावं." शेवटच्या नियमाचं कारण मी विचारलं. त्या पावाचा तुकडा मोडत म्हणाल्या, "गर्दीत सगळेच अनोळखी असतात. मग एकटं कोण आहे ते ओळखू येत नाही."

त्यांचं स्वतःचं घर होतं, आणि ते रास्ता पेठेतच होतं, ही गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. वडील रेल्वेत गार्ड होते. त्यांनी बांधलेलं छोटंसं दुमजली घर. खाली भाऊ, वहिनी आणि त्यांचा मुलगा शिरीष. वर माडीवरची एक खोली लेलेबाईंची. वडिलांनी जाताना तशी वाटणीच करून दिली होती. एकच अट घातली होती: तक्तपोशी लाकडाची आहे, तेव्हा माडीवर विस्तव पेटवायचा नाही. सुमनचं, म्हणजे लेलेबाईंचं, जेवणखाण खालीच. लग्न न झालेल्या मुलीला खोली मिळाली, चूल मिळाली नाही. वडिलांना त्यात काही वावगं वाटलं नसणार, कारण चूल एकच राहील असं ते धरून चालले होते.

काही वर्षं ते चाललंही. मग एका संध्याकाळी ऑफिसात काम वाढलं आणि बाई उशिरा घरी पोचल्या, तर भात संपलेला. वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, आम्हाला वाटलं तुम्ही बाहेर जेवून आलात." वहिनी लगेच कुकर लावायला उठल्याही होत्या. पण लेलेबाई म्हणाल्या, "असू द्या. आता येतेच जेवून," आणि चप्पल घालून इराण्याकडे गेल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. तिसऱ्या दिवशी खाली कुणी काही विचारलं नाही. बस, एवढंच झालं. मी पुढे कितीदा तरी खोदून विचारलं, की याखेरीज काही भांडणबिंडण, दागिना, शेतजमीन? काही नाही. आमच्या हडपसरात भावाभावांत कुऱ्हाडी निघतात आणि पोळ्याला पुन्हा एका पंगतीत बसतात. हे पेठेतलं भांडण मला समजायचं नाही, कारण त्यात भांडणच नव्हतं.

एकदा मी त्यांना आमच्या घरी घेऊन गेले. माझ्या आईने 'जेवता का' असं विचारलंच नाही. तिने सरळ ताट वाढलं आणि म्हणाली, "बसा बाई. हाय ते गोड मानून घ्या." लेलेबाई ज्वारीची भाकरी आणि भरलं वांगं जेवल्या. परत जाताना बसथांब्यावर म्हणाल्या, "तुझी आई विचारत नाही, ते बरं करते. विचारलं की माणूस नाही म्हणतो."

शिरीषचं लग्न ठरलं तेव्हा मी बाईंना पहिल्यांदा खुशीत पाहिलं. भाच्यावर त्यांचा जीव होता. तो लहान असताना जिन्यात बसून त्या त्याला पाढे शिकवत. लग्नाआधी नवऱ्या मुलाला नातेवाईक जेवायला बोलावतात, त्याचं केळवण करतात. आत्याने तर केलंच पाहिजे. पण या आत्याकडे विस्तव नाही. मग बाईंनी शिरीषचं केळवण इराण्याच्या हॉटेलात केलं. पर्समधून रांगोळीची पुडी काढून संगमरवरी टेबलावर बशीभोवती दोन रेघा ओढल्या, उदबत्ती मीठदाणीत खोचली. इराणीशेठ गल्ल्यावरून उठून बघायला आले. शिरीषने ऑम्लेट-पाव, मस्का-पाव, मावा केक असं सगळं संपवलं आणि आत्याला वाकून नमस्कार केला. मी तिथे होते. तो म्हणाला, "आत्या, लग्नाला लवकर निघायचं हं." त्या म्हणाल्या, "बोलावलंत तर येईन." तो हसला. त्याला ती आत्याची नेहमीची तिरकी थट्टा वाटली.

लग्नाच्या दिवशी बाईंनी रजा टाकली होती. दुपारी मी इराण्याकडे गेले, तर त्या खिडकीपाशी बसलेल्या. अंगावर मोतिया रंगाची पैठणी, गळ्यात मोत्यांचा सर, केसांत गजरा. समोर नुसतं पाणी. मी विचारलं, "बाई, लग्न लवकर आटोपलं का?"

"मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "मी गेले नाही. मला अक्षत आली नाही."

लग्नाला बोलवायचं म्हणजे घरी येऊन, हातावर अक्षता ठेवून, नीट आमंत्रण करायचं, ही पद्धत. लेल्यांनी सगळ्या पेठेत अक्षता वाटल्या होत्या. समोरच्या वाण्याला, दूधवाल्याला, खाणावळवाल्या मद्रासी बाईंना. माडीवर कुणी आलं नाही. तरी त्या पहाटे उठून, नटून, खोलीचं दार उघडं टाकून बसल्या होत्या. खाली टॅक्स्या आल्या, सनईवाल्याचा आवाज आला, दारं लागली, टॅक्स्या गेल्या.

वेटर आला. बाईंनी विचारलं, "गोड काय आहे?" तो म्हणाला कस्टर्ड. "दोन दे," बाई म्हणाल्या. "घरात लग्न आहे." मी माझं कस्टर्ड चमच्याने नुसतं ढवळत बसले. त्यांनी मात्र आपली वाटी निपटून खाल्ली. नंतर पदराने तोंड पुसलं आणि पदर बराच वेळ तसाच धरून ठेवला.

मला राहवलं नाही. त्याच आठवड्यात मी त्यांच्या भावाला, अण्णांना, त्यांच्या बँकेत जाऊन गाठलं. माझा पारा चढलेलाच होता. अण्णा सभ्य गृहस्थ. मला खुर्ची दिली आणि माझं सगळं ऐकून घेतल्यावर गोंधळून म्हणाले, "अहो, पण ती घरचीच ना! घरच्या माणसाला कुणी अक्षत देतं का? तसं केलं असतं तर तिला परकी केल्यासारखं झालं असतं. ही म्हणालीसुद्धा, वन्संना अक्षत दिली तर त्यांना लागेल. आम्हाला वाटलं, ती एकटी जाते-येते, मागून येईल. माझ्या शेजारचं पान तिच्यासाठी धरून ठेवलं होतं मी. शेवटच्या पंगतीपर्यंत कुणाला बसू दिलं नाही." मी रागावून गेले होते, पण कुणावर रागवावं तेच मला कळेना.

हे मी बाईंना सांगितलं. मला वाटलं, आता गाठ सुटेल. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "पान धरलं होतं? मग सकाळी जिन्यातून एक हाक मारायला काय झालं होतं? माडी म्हणजे काही सिंहगड नाही." मग म्हणाल्या, "मी घरची असते, हडपसर, तर माझं ताट रोज असतं. आणि पाहुणी असते, तर मला अक्षत असते. मी कोण आहे ते त्यांनी एकदा ठरवावं." मी म्हटलं, "तुम्हीच एकदा खाली जाऊन बसा ना पाटावर. कोण उठवणार आहे?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यापुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. बाई निवृत्त झाल्या, तरी दोन्ही वेळा कॅम्पाची वाट चुकली नाही. आधी खाणावळवाल्या बाई मुलाकडे निघून गेल्या. भवानी पेठेतले ते हॉटेलवाले वारले आणि मुलांनी तिथे सुट्या भागांचं दुकान थाटलं. शेवटी इराण्याचंही हॉटेल विकलं गेलं, तिथे बुटांचं दुकान आलं. बाई एकदा सवयीने त्या दारापर्यंत गेल्या, काचेतले बूट बघून आल्या आणि मला म्हणाल्या, "आता गर्दीच्या वेळी जायला काही उरलं नाही." नव्या हॉटेलांत टेबलं चौघांची असत आणि एकट्या म्हाताऱ्या बाईला बघून पोरं विचारत, "अजून कोणी येणार आहे का?" त्या 'हो' म्हणत आणि एकट्या जेवून उठत. पुढे गुडघे गेले. मग पाव आणि केळी असं खोलीतच चाले. मी हडपसरहून भाकरी न्यायची, पण रोज कुठली जायला! खालून मात्र रोज फोडणीचा वास वर येत असे. मी असताना आला की त्या खिडकी लावून घेत.

अखेरच्या दुखण्यात त्यांना इस्पितळात ठेवलं. अन्ननलिकेतच काहीतरी वाढलं होतं, गिळणं बंद झालेलं. मी पोचले तेव्हा अण्णा पलंगाशी उभे होते, हातात स्टीलचा डबा. मऊ भात, वर तूप आणि मेतकूट. "हिने पाठवलाय," ते म्हणाले. "घास तरी घे, सुमे." नर्स म्हणाली, तोंडाने काही द्यायचं नाही. बाईंनी डब्याकडे पाहिलं. त्यांना बोलता येत नव्हतं, नाही तर काहीतरी तिरकं बोलल्या असत्या, आणि मला तेच ऐकायला हवं होतं. त्यांनी फक्त हात थोडा पुढे केला आणि डब्याच्या कडेवर ठेवला. डबा कोमट होता. दोन दिवसांनी त्या गेल्या.

त्यानंतर एके दिवशी सकाळी अण्णा आमच्या हडपसरच्या घरी आले. बसने, पत्ता विचारत विचारत, घामाघूम होऊन. माझ्याकडे फोन होता, तरी आले. उंबऱ्याशीच उभे राहून म्हणाले, "तेराव्याला जेवायला यायचं. मुद्दाम सांगायला आलोय. मागून कुणी म्हणायला नको, की बोलावलं नाही." मी त्यांना बसा म्हटलं, तर बसले नाहीत. अजून दोन घरी सांगायला जायचं होतं म्हणे.

तेराव्याला मी त्या घरात पहिल्यांदा खालच्या मजल्यावर गेले. स्वयंपाकघर लहानच होतं, स्वच्छ. आधी बाईंच्या नावाचं पान वाढून बाजूला ठेवलं, मग आम्ही बसलो. वाढायला वहिनी होत्या, आता त्याही थकलेल्या. माझ्या भातावर वरण घालता घालता त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "वन्संना हे वरण फार आवडायचं. कितीदा मनात आलं, वर जावं आणि म्हणावं, चला, पान वाढलंय. पायरीपर्यंत जायचे मी. मग वाटायचं, नाही म्हणाल्या तर?"

त्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. मी खाली मान घालून जेवत राहिले. वरण फार चांगलं झालं होतं. लेलेबाईंबरोबर एवढी वर्षं हिंडले, पण कॅम्पात, पेठेत, कुठेही तसं वरण मी खाल्लं नव्हतं.