गुपचूप रिकामी राहिलेली जागा

स्पिरिटचा वास आला की नांदेडच्या त्या रक्तपेढीतली दुपार आठवते. तिथल्या नोंदी ठेवणाऱ्या, लिस्प या संगणकभाषेतल्या प्रोग्रामची माहितीपुस्तिका मी लिहिली होती. प्रत्येक नोंदीला नाव, वय, रक्तगट असा साचा होता, आणि त्यातली एखादी माहिती भरायची राहिली तर प्रोग्राम चूक दाखवून थांबेल, असं मी चालवून न बघताच लिहून टाकलं होतं. तिथल्या नोंदी ठेवणाऱ्या बाईंचा फोन आला, "सर, रक्तगटच न्हाई, तरी नोंद पुढं गेली की!" रिक्षानं पोचलो आणि आम्ही दोघांनी एकेक पिशवी नोंदीशी ताडून पाहिली. चुकीची पिशवी कुणालाच गेली नव्हती. तिथंच बसून मी ते वाक्य बदललं: माहिती भरायची राहिली तर ती जागा गुपचूप रिकामी राहते, प्रोग्राम थांबत नाही. बाई वाचून एवढंच म्हणाल्या, "हे आधीच लिवायचं होतं ना, सर."